खिसा म्हणतो विरार, मन म्हणतं पार्ला

लग्न ठरलं की पहिला प्रश्न, नोकरी बदलली की पहिला प्रश्न आणि निवृत्ती जवळ आली की पुन्हा तोच: राहायचं कुठे? मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर, यातलं काय व्हायचंय असं विचारून पुलंनी महाराष्ट्राला पोट धरून हसवलं. पण त्यांनी हिशेब मांडला तो स्वभावाचा. भाड्याचा मांडायला बसलं की हसू थोडं कमी होतं, गंमत मात्र तेवढीच राहते. कारण प्रत्येक गाव आपलं बिल वेगळ्याच रकान्यात लपवतं. कुणी जागेत, कुणी वेळेत, कुणी पेट्रोलच्या टाकीत, कुणी पाण्याच्या टँकरमध्ये. ब्रोकर फक्त पहिला रकाना दाखवतो. बाकीचे आपण उघडू.

पुणे महानगर आहे का? खातं कोणतं, त्यावर!

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला घरभाडे भत्ता मिळतो तो शहराच्या वर्गानुसार. ५० लाख आणि त्यावर वस्ती असेल तर शहर एक्स, ५ ते ५० लाखांचं वाय, बाकी सगळं झेड. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोचला तेव्हा हे दर मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. पुणे एक्समध्ये, नागपूर-नाशिक वायमध्ये. म्हणजे पुण्याहून नागपूरला बदली झाली की घर मोठं होतं आणि भत्ता लहान. लक्षात घ्या, वर्ग ठरतो तो डोक्यांच्या संख्येवर. घरभाडं किती, हे कुणी विचारलेलंच नाही.

आता आयकराकडे या. १९६२ च्या आयकर नियमांनी भाड्यावरची सूट मोजताना पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा दिली ती फक्त चार शहरांना: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. बाकी सगळ्यांना ४० टक्के. त्यामुळे पुणेकर एका सरकारी खात्यात महानगरवासी ठरला आणि दुसऱ्यात चक्क मोफसलचा. पुणेकराने हा अपमान इतकी वर्षं पाटी न लावता सहन केला, याचंच आश्चर्य.

म्हाडाचा हिशेब तिसराच. मुंबई, पुणे, नागपूर अशा महानगर क्षेत्रांत वर्षाला ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब अत्यल्प उत्पन्न गटात येतं. उर्वरित महाराष्ट्रात ही रेघ साडेचार लाखांवर आहे. पाच लाख कमावणारं कुटुंब डोंबिवलीत अत्यल्प, तेच साताऱ्याला गेलं की अल्प. पगार तोच, एसटीच्या एका तिकिटात बढती.

विरारचं गणित

चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. फास्ट लोकलला दीड तासाच्या आसपास लागतो. जाऊन-येऊन तीन तास. पार्ल्याहूनही पाऊण तास लागतोच, म्हणजे दोघांतला खरा फरक रोजचा दीड तास. महिन्याला कामाचे २५ दिवस धरले तर वर्षाला ४५० तास. आठ तासांची पाळी मोजली तर ५६ पाळ्या, बिनपगारी आणि बहुतेक उभ्याने.

आता एक सोपा भागाकार करा. पार्ल्याच्या आणि विरारच्या वर्षाच्या भाड्यातला फरक घ्या आणि त्याला ४५० ने भागा. जो आकडा येईल तो तुमच्या एका तासाचा भाव, विरारने दिलेला. ऑफिस तुम्हाला तासाला जे देतं त्याहून हा भाव जास्त असेल तर विरार फायद्यात. कमी असेल तर तुम्ही रेल्वेकडे ओव्हरटाइम करताय. घरात दोघं नोकरीवर जाणारी असतील तर ४५० चे ९०० करा. हा गुणाकार बहुतेक जण विसरतात.

विरार उभं राहू शकलं त्यामागे एक साधं कारण आहे. रेल्वे अंतर जवळजवळ फुकट विकते. लोकलचं सेकंड क्लासचं किमान तिकीट आजही ५ रुपये. बेस्टच्या बसचं किमान भाडंही २०१९ पासून ५ रुपये होतं, ते मे २०२५ मध्ये १० झालं. पैशात अंतर स्वस्त असलं की माणूस ते वेळेत मोजतो, आणि वेळेची पावती मिळत नाही.

चेझारे मार्केटी नावाचा इटालियन शास्त्रज्ञ होता. १९९४ मध्ये त्याने मांडलं की माणूस गुहेत राहो की गगनचुंबी इमारतीत, दिवसाला सरासरी तासभरच प्रवास सोसतो. वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, घर लांब जातं. चालणाऱ्यांची जुनी शहरं म्हणून पाचेक किलोमीटर रुंद होती आणि गाड्या आल्या तशी ती पसरली. मार्केटीने विरार-चर्चगेट केलं असतं तर त्याला आपला सिद्धांत सकाळी ८:१० च्या फास्टमध्येच दुरुस्त करावा लागला असता.

स्टुट्झर आणि फ्राय या दोन अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये जर्मनीतली आकडेवारी तपासली. लांबच्या प्रवासाची भरपाई माणसाला स्वस्त घरातून किंवा चांगल्या पगारातून व्हायला हवी, असं पुस्तक सांगतं. प्रत्यक्षात ती पुरती होत नाही. प्रवास जितका लांब, तितका माणूस कमी समाधानी. याचं कारण मला तरी सरळ वाटतं. मोठ्या हॉलची सवय महिन्याभरात होते. धक्क्यांची होत नाही.

तरीही डब्यातल्या बायकांना विचाराल तर उत्तर वेगळं मिळेल. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली मार्गावर फक्त बायकांसाठी लोकल सुरू झाली, जगातली अशी पहिली. त्या डब्यांमध्ये भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होतं, डोहाळजेवण होतं, दसऱ्याला डबा सजतो. घर आणि ऑफिस यांच्या मधला तो तास कित्येकींचा एकमेव स्वतःचा तास असतो. अर्थतज्ज्ञांच्या कोष्टकात त्याला रकाना नाही. मात्र घरी जायच्या आधी भाजी निवडून ठेवावी लागते, हेही त्यात आलंच. लांबच्या घराचं बिल घरातली बाई जरा जास्त भरते.

डबा येतो म्हणून घर लांब जातं

महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये डबे पोचवायला सुरुवात केली. डबेवाल्यांच्या अचूकपणाचं कौतुक फार झालं, त्यांच्या अर्थशास्त्राचं कमी. माणूस सकाळी सातला घर सोडतो, डबा दहाच्या सुमाराला निघतो आणि एक वाजता टेबलावर असतो. बाहेर खायचा खर्च वाचला की तेवढेच पैसे भाड्याकडे वळतात. मुंबईच्या उपनगरांना ज्यांनी उभं केलं त्यांत रेल्वेबरोबर पांढऱ्या टोपीचाही वाटा धरायला हवा.

भाडं १९४० चं, गळती आजची

दक्षिण मुंबईत आजही अशी घरं आहेत की ज्यांचं महिन्याचं भाडं एका हॉटेलच्या बिलात संपावं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. युद्धाने आणि फाळणीने शहरात माणसं लोटत होती, तेव्हा ते गरजेचंच होतं. पण कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढ घेत घेत अर्धशतक राहिला.

मग भाडं वाढवता येत नाही म्हणून मालकांनी पागडी घ्यायला सुरुवात केली: एकरकमी मोठी रक्कम घ्या, पुढे नाममात्र भाडं. भाडेकरू आपला हक्क पुढच्याला विकतो, मालकाला त्यातला हिस्सा देतो. मालकी एकाची, ताबा दुसऱ्याचा, आणि दोघांनाही आपणच मालक असल्याचं वाटतं. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडी अधिकृत केली आणि वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली. नाममात्र भाड्याचे ४ टक्के म्हणजे किती, ते मालकांना विचारा. उत्तर छापण्याजोगं नसेल.

बिल लपलं कुठे? छपरात. इतक्या भाड्यात कुणी कौलं बदलत नाही. १९६९ मध्ये सरकारला दुरुस्तीसाठी वेगळा कायदा आणि मंडळ आणावं लागलं, तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. पावसाळ्यात पडणाऱ्या इमारतींच्या बातम्या आजही बहुतेक त्याच यादीतून येतात.

एका खोलीत शहर

मुंबईच्या कामगार कार्यालयाचे संचालक फिंडले शिरस यांनी १९२३ मध्ये गिरणी कामगारांच्या घरखर्चाचा अहवाल काढला. कामगार कुटुंबांपैकी ९७ टक्के एका खोलीत राहत होती. कमाईतला निम्म्याहून जास्त खर्च अन्नावर होता, आणि भाड्यावर फक्त पावणेआठ टक्क्यांच्या आसपास.

आता २०२३-२४ च्या केंद्र सरकारच्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणाकडे पाहा. शहरी भारतात दरडोई खर्चातला भाड्याचा वाटा सुमारे साडेसहा टक्के. वाहन-प्रवासाचा साडेआठच्या आसपास. एवढंच? गोंधळू नका. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं भाडं शून्य धरून ही सरासरी निघते. भाडं भरणाऱ्याला सरासरीचा काडीचा उपयोग नाही. आणि शिरससाहेबांच्या काळात भाडं कमी होतं, कारण एका खोलीत अख्खं कुटुंब, वर एखादा पाहुणा कायमचा, असा बेत असायचा. १९७० चा ‘मुंबईचा जावई’ हा चित्रपट याच दाटीवर बेतलेला; नवदांपत्याला घरात दोन घटका एकांत मिळत नाही, एवढीच गोष्ट. दोन वर्षांनी हिंदीत ‘पिया का घर’ म्हणून तो पुन्हा निघाला. बाकीच्या देशाला विनोदी वाटलं ते लालबाग-परळला माहितीपट वाटलं असणार.

सरकारने १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींची खोली १६० चौरस फुटांची. वरळीच्या पुनर्विकासात तिच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर मिळतं, आणि पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. ५०० हा आकडा आणखी एका कारणाने गोड आहे: मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. लिफ्टचा, पंपाचा आणि सुरक्षारक्षकाचा खर्च मात्र माफ नाही. चाळीत जिना फुकट होता.

खाणावळीचं भांडवल

गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेला गडी एकटाच असायचा. गावकीची एक खोली, तीत दहा-पंधरा जण, पाळीप्रमाणे झोपायचे. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला तीच वळकटी पसरायचा. जेवण खाणावळीत, पैसे पगार झाल्यावर. तोपर्यंत किराणा उधारीवर आणायची जबाबदारी खाणावळवालीची, व्याजासकट. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मुंबईत कामगार स्वस्तात राहत होता, असं आपण म्हणतो. तो स्वस्तपणा चुलीपुढे बसलेल्या बाईच्या उधारीवर चालत होता.

पुण्याचं बिल: पेट्रोल आणि टँकर

पुण्यात भाडं मुंबईहून कमी. म्हणून मंडळी खूश होऊन येतात आणि पहिल्याच महिन्यात दुचाकी घेतात, दुसऱ्या महिन्यात बायकोसाठी दुसरी. २०१८ मध्ये परिवहन कार्यालयाच्या नोंदीनुसार पुण्यातली वाहनं ३६ लाखांवर गेली आणि त्यांनी माणसांना मागे टाकलं. मेट्रो मार्च २०२२ मध्ये आली खरी, पण स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता अजूनही दुचाकीचाच.

दुसरा लपलेला रकाना पाण्याचा. वाघोली, बावधन, बाणेरच्या पलीकडच्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकर मागवतात आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये मिसळून येतो. फ्लॅट बघायला जाल तेव्हा बिल्डरला स्विमिंग पूल विचारू नका, सोसायटीच्या सेक्रेटरीला एप्रिल-मेचं टँकरचं बिल विचारा. तो खरं सांगेल, कारण त्याला कुणाला तरी सांगायचंच असतं.

शिवाय गुरुवार. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. विजेचा भार वाटून देण्यासाठी औद्योगिक भागांना आठवड्याचे वेगवेगळे वार दिले गेले त्यातलाच हा. दुरुस्तीसाठी पाणीही बंद ठेवायचं तर तेही बहुधा गुरुवारीच. वडिलांची सुट्टी गुरुवारी, मुलांची रविवारी. अशी कित्येक घरं आठवड्यात एकत्र जेवत नाहीत. पगाराच्या पत्रात हे लिहिलेलं नसतं.

एक धक्का खरेदीदारांसाठी. घर मुंबईपेक्षा स्वस्त, पण मुद्रांक शुल्क महाग! मुंबईत मेट्रो अधिभार धरून ६ टक्के, पुण्यात ७. बाईच्या नावावर घेतलं तर दोन्हीकडे १ टक्का कमी. एवढ्यासाठी तरी घर बायकोच्या नावावर करणारे वाढले, ही महाराष्ट्राच्या तिजोरीने केलेली समाजसुधारणाच. उलट पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर मालमत्ता करात ४० टक्के सवलत १९७० पासून होती, मध्येच काढली, ओरड झाली आणि २०२३ मध्ये परत आली. पुण्यात ओरड वाया जात नाही.

आधी घर, मग गाडी. एकोणीस वर्षांनी.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर नवं शहर सुचवलं. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे खाडीवरचा पूल १९७३ मध्ये झाला. लोकल वाशीला पोचली ती १९९२ मध्ये! मधली एकोणीस वर्षं वाशीकरांनी बसच्या रांगेत काढली आणि नातेवाइकांकडून “अहो, जंगलात का राहायला गेलात?” हे ऐकलं. ज्यांनी तेव्हा ऐकून घेतलं त्यांची मुलं आज त्याच घराच्या किमतीत बोरिवलीतली दोन घेऊ, अशा गप्पा मारतात. स्वस्त घराची ही सर्वात जुनी युक्ती: शहर पोचायच्या आधी आपण पोचायचं. फक्त शहर कधी पोचेल ते कुणी लिहून देत नाही.

नवी मुंबईची खरी मिजास मात्र पाण्यात आहे. महापालिकेच्या मालकीचं स्वतःचं मोरबे धरण आहे. शेजारच्या गावात टँकर असताना इथे नळाला पाणी, हे ब्रोकरही मोठ्याने सांगतो.

जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे, २१.८ किलोमीटरचा. शिवडीहून उलव्याला वीस मिनिटांत. मोटारीला टोल एकेरी २५० रुपये, परतीचा धरून ३७५. महिन्याला २५ दिवस म्हणजे ९,३७५ रुपये, पेट्रोल वेगळं. उलव्यात भाड्याचे जे वाचले ते समुद्रात पडले.

भाडंच नको!

मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’ नावाचा प्रकार आहे. मालकाला काही लाख एकदम द्या, महिन्याचं भाडं शून्य किंवा नाममात्र, घर सोडताना पूर्ण रक्कम परत. व्याज मालकाचं, झोप भाडेकरूची. दक्षिण कोरियात हीच पद्धत ‘जॉन्से’ नावाने देशभर चालते, करार बहुधा दोन वर्षांचा आणि रक्कम घराच्या किमतीच्या निम्म्याहूनही वर. तिथे मालक पैसे परत करू शकले नाहीत तेव्हा इतकी कुटुंबं फसली की २०२३ मध्ये पीडितांसाठी खास कायदा करावा लागला. आपल्याकडे या व्यवहाराला हात घालायचा तर करार नोंदवूनच. भाडेकरार एक महिन्याचा असो की पाच वर्षांचा, महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे, आणि ती करून देण्याची जबाबदारी मालकाची.

आणि मालक म्हणून घर भाड्याने देत असाल तर हे कापून ठेवा: सोसायटीला ‘नॉन-ऑक्युपन्सी’ शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. सेक्रेटरी काहीही म्हणो.

लांबची गावं, झटपट

नागपूर: घरं मोठी, रस्ते रुंद, संत्री दारात. बिल मे महिन्यात येतं. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. कूलर, त्याचं पाणी, त्याची वीज. जागेत वाचवलं ते थंडाव्यात गेलं. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, ७०१ किलोमीटर, तेव्हापासून नागपूरकर म्हणतात की मुंबई जवळ आली. मुंबईकर अजून तसं म्हणत नाहीत.

कोल्हापूर: गंगावेशीत म्हैस समोर धारेला उभी राहते आणि दूध फेसासकट पेल्यात. टोल लावला तर गाव रस्त्यावर उतरतं आणि टोल रद्द करून घेतं. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे बसतं, त्यामुळे वकील-पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. गावाचं राहणीमान असं एका रात्रीत बदलतं, आणि मागोमाग भाडीही.

इंदूर: महाराष्ट्राबाहेरचं, पण होळकरांमुळे आपलंच. सराफ्यात दिवसा सोनं विकलं जातं आणि रात्री त्याच पायऱ्यांवर भुट्ट्याचा कीस. स्वच्छतेत २०१७ पासून सलग सात वर्षं पहिला नंबर. नर्मदेचं पाणी मात्र सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून उपसून आणावं लागतं. देशातल्या महाग पाण्यांपैकी ते एक.

कोकणात टुमदार घर, गोव्यात व्हरांडा

हे स्वप्न प्रत्येक मुंबईकर चाळिशीत बघतो. पहिली अट वाचा: महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३. वडिलोपार्जित सातबारा नसेल तर बिनशेती प्लॉट शोधा, आणि बिनशेती झाला की भावही तसाच होतो.

दुसरी अट जुलैची. मे महिन्यात आंबे, फणस, समुद्र पाहून व्यवहार ठरतो. जुलैत कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, वीज जाते, भिंतीला ओल येते आणि शेजारची तीन घरं चाकरमान्यांची म्हणून कुलूपबंद असतात. कोकणाचं बिल अंतरात आहे. छातीत दुखलं तर तज्ज्ञ डॉक्टर किती तासांवर, हे प्लॉटच्या जाहिरातीत नसतं. सावंतवाडी-दोडामार्गचे रुग्ण म्हणूनच बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातात. त्या संस्थेचं मूळ १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत आहे.

गोव्याने एप्रिल २०१२ मध्ये पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ पुसून टाकला आणि लिटरमागे सुमारे ११ रुपये उतरवले. सीमेवरच्या महाराष्ट्राच्या गाड्यांनी लगेच वळण घेतलं. तेवढी सूट पुढे राहिली नाही. घर घेणार असाल तर पोर्तुगीज वारशाचा एक नियम ध्यानात ठेवा: गोव्यात विवाहितांची मालमत्ता सर्वसाधारणपणे दोघांची सामाईक असते, म्हणून विकणाऱ्या गोंयकाराबरोबर त्याच्या बायकोचीही सही लागते. ती ‘नाही’ म्हणाली तर व्यवहार नाही. पोदेर मात्र सायकलवर हॉर्न वाजवत दारात पाव आणून देतो, त्याची किंमत कुठल्याच कोष्टकात बसत नाही. करोनानंतर लॅपटॉप घेऊन आलेल्यांनी तोच व्हरांडा मुंबईच्या भावाने भाड्याने घेतला. आता मूळ गोंयकारालाच गावात भाड्याचं घर परवडेना झालंय. एकाची जीवनशैली ही दुसऱ्याची महागाई असते, आणि हा रकाना कुठलाच पाहुणा उघडत नाही.

क्रमवारीवर विश्वास ठेवाल तर

मर्सर कंपनीच्या २०२४ च्या महागाई यादीत २२६ शहरांत मुंबई १३६ वी, पुणे २०५ वं. अरे वा, आपण तर स्वस्त! थांबा. ही यादी परदेशी कंपन्यांनी पाठवलेल्या साहेबांसाठी असते, न्यूयॉर्कशी तुलना करून आणि डॉलरमध्ये. रुपया घसरला की मुंबई ‘स्वस्त’ होते, भले तुमच्या कोपऱ्यावरचा वडापाव महागलेला असो.

केंद्राच्या राहण्यायोग्य शहरांच्या यादीत २०१८ मध्ये पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. पुढच्या, २०२० च्या यादीत बंगळूर पहिलं, पुणे दुसरं आणि मुंबई दहावी. दोन वर्षांत शहर सात पायऱ्या खाली आलं नाही, मोजपट्टी बदलली. मला या याद्यांपेक्षा नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीचा एक आकडा जास्त बोलका वाटतो: घराचा हप्ता उत्पन्नाच्या किती टक्के? मुंबईत २०१० मध्ये ९३ टक्के होता, २०२४ मध्ये ५० वर आला. पुण्यात तो एक चतुर्थांशाच्या आसपास. मुंबईत अर्धा पगार भिंतींना, पुण्यात पाव. वाचलेल्या पावात टँकर आणि दोन दुचाक्या बसतात का, ते तुम्ही बघा.

जाता जाता

घर बघायला रविवारी सकाळी जाऊ नका; तेव्हा सगळंच छान दिसतं. कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला ऑफिसपासून तिथवर जाऊन बघा. भाव कार्पेट एरियावरच विचारा. मे २०१७ पासून रेरा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांत विक्री त्यावरच व्हायला हवी. बिल्डर उघड्या किंवा स्टिल्टच्या पार्किंगचे वेगळे पैसे मागत असेल तर त्याला सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल सांगा: ती जागा त्याला विकता येत नाही. आणि नवं गाव असेल तर आधी वर्षभर भाड्याने राहा, मे आणि जुलै दोन्ही त्यात येऊ द्या. डिपॉझिट परत मिळतं. जागा आवडली नाही म्हणून मुद्रांक शुल्क कुणी परत करत नाही.